"राजाला पैसे हवे होते, मग विचारत कशाला बसला?" (चार्ल्स पहिला आणि इंग्लंडची संसद)

शिक्षिका_संगमनेर

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात अकरावीच्या वर्गात इंग्लंडमधल्या यादवी युद्धाचा विषय निघाला. नेमलेल्या धड्यात तो जेमतेम आहे, पण संसद म्हणजे काय हे शिकवायचं तर चार्ल्स पहिल्याला वगळून पुढे जाववत नाही, म्हणून मी एक तास त्याला दिला. फळ्यावर सनावळी लिहिली. १६२५ राज्यारोहण, १६२८ पिटिशन ऑफ राइट, १६२९ ते १६४० संसदेविना कारभार, १६४२ युद्ध, ३० जानेवारी १६४९ राजाचा शिरच्छेद.

मागच्या बाकावर एक मुलगा बसतो. त्याचे वडील बाजार समितीत हमाली करतात. वर्षभरात तो दोनदा बोलला असेल. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, तो राजा होता ना? पैसे हवे होते तर सरळ घ्यायचे. विचारत कशाला बसला?"

वर्ग हसला. मी मात्र अडकले. राजाचा दैवी अधिकार आणि संसदेचे हक्क यांचा तो संघर्ष होता, असं काहीतरी बोलले. त्यावर तो म्हणाला, "ते कळलं. पण त्याला अडवलं कोणी? हात धरला का कोणी?" तेवढ्यात घंटा झाली.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. एकतर त्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर काय द्यायचं? दुसरं म्हणजे, संसदेच्या संमतीशिवाय कर घेणार नाही हे १६२८ मध्ये राजाने मान्य केलं होतं, तर मग पुढची चौदा वर्षं भांडण कशावर चाललं? आणि हे मूळचं धर्माचं भांडण होतं की पैशाचं? पुस्तकांत दोन्ही एका वाक्यात लिहून मोकळे होतात. सोमवारी पुन्हा त्याच वर्गावर तास आहे. जाणकारांनी मदत करावी.

पानशेतकर

ताई, माझ्या मते धर्म. पैशाच्या कुरबुरी इंग्लंडच्या प्रत्येक राजाच्या वाट्याला आल्या होत्या, म्हणून काही देश दुभंगला नव्हता.

चार्ल्सची राणी हेन्रिएटा मारिया फ्रान्सची, कॅथलिक, आणि इंग्लंड प्रोटेस्टंट. इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख धर्मगुरू आर्चबिशप लॉड याने चर्चमधलं टेबल मधून उचलून पूर्वेच्या भिंतीला लावायला आणि त्याला कठडा घालायला सांगितलं. आपल्याला ही किरकोळ बाब वाटेल. पण कल्पना करा, गावच्या देवळात पिढ्यान्पिढ्या जिथे कीर्तनकार उभा राहतो ती जागा वरून हुकूम आला म्हणून बदलली, तर गाव गप्प बसेल का? १६३७ साली प्रिन, बर्टन आणि बास्टविक या तिघांचे कान भर चौकात कापले, का तर बिशपांविरुद्ध लिहिलं म्हणून. लोक गर्दी करून आले ते त्यांना धीर द्यायला.

चार्ल्स स्कॉटलंडचाही राजा होता. त्याच वर्षी २३ जुलैला तिथल्या एडिंबरो शहरात, सेंट जाइल्स चर्चमध्ये नवं प्रार्थनापुस्तक वाचायला घेतलं आणि दंगल उसळली. १६३८ मध्ये स्कॉटलंडच्या लोकांनी नॅशनल कव्हेनंटवर, म्हणजे धर्मातले हे बदल मानणार नाही अशा शपथपत्रावर, सह्या केल्या. त्यानंतर जे झालं ते सगळं तिथून सुरू झालं. चार्ल्सने स्कॉटलंडवर ते पुस्तक लादलं नसतं तर त्याला संसद बोलवावीच लागली नसती.

जमाखर्च

ताई, तुमच्या विद्यार्थ्याला माझा नमस्कार सांगा. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात काढली, सहायक लेखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. चार्ल्स राजाची गोष्ट मी निवृत्तीनंतर वाचायला घेतली आणि वाचताना सारखं वाटत राहिलं की हे सगळं आपल्या टेबलावरचं आहे. पानशेतकर म्हणतात ते शेवटच्या वाक्यापर्यंत मान्य. पण "संसद बोलवावीच लागली नसती" यातच तुमच्या मुलाचं उत्तर दडलेलं आहे. का बोलवावी लागली? ते सांगतो.

आधी माझा एक अनुभव. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं होती. मार्चअखेर घरपट्टीच्या वसुलीसाठी पथकं निघायची, मी एका पथकाबरोबर होतो. गावाचं नाव लिहीत नाही. नमुना ८ उघडून ग्रामसेवक नावं वाचत होते आणि दारं बंद होत होती. एका घरातून पितळी हंडा जप्त केला. चावडीवर आणून लिलाव पुकारला. चाळीस-पन्नास माणसं जमली होती. ग्रामसेवकांनी तीनदा बोली मागितली. एकाही माणसाने तोंड उघडलं नाही. कोणी ओरडलं नाही, दगड मारला नाही, फक्त बोली लावली नाही. संध्याकाळी आमच्याच शिपायाने तो हंडा परत त्या घराच्या ओट्यावर नेऊन ठेवला, कारण तोही त्याच गावचा. कायदा आमच्या बाजूने, शिक्का आमच्याकडे, आणि वसुली शून्य.

आता इंग्लंड. चार्ल्सकडे खडं सैन्य नव्हतं. पगारी नोकरशाही जवळजवळ नव्हती. जिल्ह्याला शेरीफ, खाली जस्टिस ऑफ द पीस, गावाला कॉन्स्टेबल, आणि ही सगळी स्थानिक माणसं, बहुतेक बिनपगारी. जमीनदार कुटुंबांतलेच लोक आळीपाळीने ही कामं करत. त्यांचेच भाऊबंद संसदेत निवडून जात. म्हणजे राजाचा हुकूम गावात पोचवायचा तो ज्यांच्या हातून, त्यांचंच संमतीचं ठिकाण म्हणजे संसद. राजा विचारत बसला कारण कर गोळा करायला त्याच्यापाशी स्वतःचे हातच नव्हते. मुलाने विचारलं ना, हात धरला का कोणी? जे हात वसुलीला लागणार होते तेच आखडले.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. १६२८ चा पिटिशन ऑफ राइट राजाने मान्य केला हे खरं. संसदेच्या संमतीशिवाय कर किंवा सक्तीचं कर्ज नाही, कारण दाखवल्याशिवाय कैद नाही, लोकांच्या घरी सैनिक उतरवायचे नाहीत, सामान्य लोकांवर लष्करी कायदा नाही. पण ज्याने कधी ऑडिटचे आक्षेप हाताळलेत त्याला माहीत असतं की भांडण नियमावर होत नाही, रक्कम कुठल्या लेखाशीर्षाखाली दाखवायची यावर होतं. राजाचं म्हणणं असं की मी कर घेतच नाही.

मग तो काय घेत होता? बंदरांवरची जकात, टनेज आणि पाउंडेज. ती आधीच्या राजांना तहहयात मंजूर व्हायची. चार्ल्सला १६२५ साली कॉमन्सने, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाने, एका वर्षापुरतीच द्यायची ठरवली, लॉर्ड्समध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, तेही अडकलं. राजाने ती वसूल करणं थांबवलं नाही. मग नाइटहूडचा, म्हणजे नाइट या किताबाचा दंड. वर्षाला ४० पौंडांचं जमिनीचं उत्पन्न आहे आणि राज्याभिषेकाला नाइट व्हायला हजर राहिला नाहीस, म्हणून दंड. धूळ खात पडलेला जुना नियम काढून त्यातून दीड लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी केली. आमच्याकडेही एखादा साहेब बदलून आला की जुनी परिपत्रकं बाहेर काढायचा, लोकांना त्याची धास्ती कशाने वाटते ते मी पाहिलंय.

आणि मग शिप मनी. मी त्याला जहाजपट्टी म्हणतो. समुद्रावर धोका असेल तर बंदरांच्या गावांनी राजाला जहाज द्यायचं, ही जुनी रीत. १६३४ साली किनाऱ्याच्या भागांना आदेश गेले. १६३५ साली सगळ्या देशाला. बकिंगहॅमशरला आदेश आला की ४५० टनांचं जहाज आणि १८० माणसं द्या. या बकिंगहॅमशरला समुद्रच नाही, ताई! सोलापूरला गलबत मागावं तसं. अर्थात जहाज कोणालाच नको होतं. जहाजाऐवजी ४५०० पौंड भरा, एवढाच त्याचा अर्थ. राजाचे वकील म्हणायचे, हा कर नाही, ही सेवा आहे. आणि लढाईचं संकट आहे की नाही हे ठरवणार राजा एकटा.

याच परगण्यात जॉन हॅम्पडन नावाचा जमीनदार होता. स्टोक मँडेव्हिलच्या जमिनीवर त्याला २० शिलिंग लागले. २० शिलिंग म्हणजे एक पौंड. त्याच्या ऐपतीला ती रक्कम काहीच नव्हती, हे मुद्दाम सांगा वर्गात. त्याने भरली नाही, कोर्टात गेला. बारा न्यायाधीश बसले. १६३८ मध्ये निकाल लागला, सात राजाच्या बाजूने, पाच हॅम्पडनच्या. राजा जिंकला. पण नेमलेले न्यायाधीश राजाचे, त्यांना काढायचा अधिकार राजाचा, आणि तरी पाच जण विरुद्ध गेले, ही बातमी गावोगाव पोचली.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. ग्रेट किंबल नावाचं एक छोटं गाव, तिथेही हॅम्पडनची जमीन होती. तिथल्या आकारणीदारांनी पैसे न भरणाऱ्यांची यादी करून वर पाठवली, ती शिल्लक आहे. यादीच्या वरच्या टोकाला हॅम्पडन. आणि त्याच यादीत खुद्द आकारणी करणाऱ्यांची आणि कॉन्स्टेबलांची नावं. ज्यांनी वसूल करायचं त्यांनी थकबाकीदार म्हणून स्वतःचं नाव आपल्या हाताने लिहून दिलं. मी नोकरीत हजारो थकबाकी याद्या तपासल्या. अशी एक पाहिली असती तर तिच्यावर सही करायला माझा हात उचलला नसता.

सुरुवातीला वसुली उत्तम होती, जवळपास पूर्ण. म्हणून अकरा वर्षं संसदेविना चालू शकलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. राजा यशस्वी होत होता. नंतर मात्र शेरीफ जप्ती करून गायी-बैल आणायचे आणि बाजारात त्यांना गिऱ्हाईक मिळायचं नाही. बोली लावायला कोणी पुढेच यायचं नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ बसून राहिलो, मला तो पितळी हंडा आठवला. तूट राहिली तर ती शेरीफच्या अंगावर, म्हणून ते पद कोणाला नको झालं. १६३९ च्या फेरीत मागणीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास रक्कम जमली. याच वेळी पानशेतकरांचं स्कॉटलंड पेटलेलं होतं आणि लढायला पैसा हवा होता.

१३ एप्रिल १६४० ला राजाने संसद बोलावली. सदस्य म्हणाले, आधी आमची गाऱ्हाणी ऐका, पैशाचं मग बघू. तीन आठवड्यांत, ५ मेला, त्याने ती बरखास्त केली. त्या उन्हाळ्यात राजाने काय काय केलं ते हिशेबाच्या माणसाने वाचू नये. लंडनच्या टॉवर किल्ल्यातल्या टांकसाळीत व्यापाऱ्यांनी ठेवलेली चांदी अडकवून ठेवली. ईस्ट इंडिया कंपनीची मिरी उधारीवर उचलली, ६३ हजार पौंडांहून जास्त किमतीची. एक पौंड वजनाला दोन शिलिंग एक पेनी या भावाने घेतली आणि रोख हवी म्हणून एक शिलिंग आठ पेन्सांना विकली. पूर्वेच्या बंदरांतून जहाजं भरून गेलेली मिरी इंग्लंडच्या राजाने तोट्यात फुंकली, कारण त्याला दुसरीकडून रोकड मिळत नव्हती. दिवाळखोर दुकानदार शेवटी शेवटी उधार माल आणून पडत्या भावात विकतो ना, तेच.

ऑगस्टमध्ये न्यूबर्नला स्कॉट जिंकले, इंग्लंडच्या उत्तर भागात ठाण मांडून बसले, आणि वर त्यांच्या सैन्याच्या खर्चाला रोजचे ८५० पौंड द्यायचं राजाने कबूल केलं. रोजचे! ३ नोव्हेंबर १६४० ला पुन्हा संसद भरली. आता ती मोडायची सोय राहिली नव्हती. मोडली तर ८५० पौंड आणायचे कुठून?

म्हणून धर्म की पैसा, याचं माझ्यापुरतं उत्तर असं: लोक चिडले ते धर्माने, आणि राजा अडकला तो पैशाने. चिडलेली रयत पुष्कळ राजांनी सांभाळली आहे. तिजोरी रिकामी असताना सांभाळणं कठीण.

शिक्षिका_संगमनेर

काका, काय लिहिलंत! ग्रेट किंबलची यादी मी सोमवारी फळ्यावर मांडणार. मुलांना थकबाकीची यादी सांगावी लागत नाही, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर त्यांनी ती पाहिलेली असते.

पण १६४१ पर्यंत तर संसदेने सगळं मिळवलं होतं ना? जहाजपट्टी बेकायदा ठरली, हॅम्पडनविरुद्धचा निकाल रद्द झाला, स्टार चेंबर हे राजाचं खास न्यायालय बंद, दर तीन वर्षांनी संसद भरलीच पाहिजे असा कायदा झाला, संसदेच्या स्वतःच्या संमतीशिवाय ती विसर्जित करता येणार नाही असाही झाला. राजाने सगळ्यावर संमती दिली. मग युद्ध कशासाठी?

थेम्सकाठी

मी रेडिंगमध्ये राहते, मूळची सांगलीची. इथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. काकांइतका अभ्यास नाही, पण मी ज्या गावात राहते त्याला १६४३ च्या एप्रिलमध्ये वेढा पडला होता, त्यामुळे हा विषय इथे पायाखाली असतो.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला विश्वास या एका शब्दात दिसतं. १६४१ च्या ऑक्टोबरात आयर्लंडमध्ये बंड झालं. ते मोडायला सैन्य हवं यावर सगळ्यांचं एकमत. पण ते सैन्य कोणाच्या हातात द्यायचं? राजाच्या हातात दिलं तर तो ते आधी आपल्यावरच आणेल, अशी भीती कॉमन्समधला पुढारी पिम आणि त्याच्या सोबत्यांना होती. नोव्हेंबरमध्ये त्यांनी राजाच्या सगळ्या चुकांचा पाढा लिहून काढला, ग्रँड रिमॉन्स्ट्रन्स. तो १५९ विरुद्ध १४८ मतांनी मंजूर झाला. अकरा मतं फक्त. म्हणजे संसद स्वतःच अर्धी अर्धी फाटली होती. राजा विरुद्ध संसद असं आपण म्हणतो, पण घरंच्या घरं मधोमध फाटली.

आणि मग ४ जानेवारी १६४२. राजा शस्त्रधारी माणसं घेऊन स्वतः कॉमन्समध्ये शिरला, पाच सदस्यांना पकडायला. पिम, हॅम्पडन, हॉलिस, हेसलरिग आणि स्ट्रोड. ते आधीच निसटले होते. स्पीकर लेंथॉल गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, या ठिकाणी मला पाहायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही, सभागृह सांगेल तेवढंच. मला हा माणूस फार मोठा वाटतो. तो काही शूर म्हणून प्रसिद्ध नव्हता. समोर राजा, दाराबाहेर तलवारी, आणि त्याने गुडघे टेकूनच नकार दिला. आठवड्याभरात राजा लंडन सोडून गेला. ऑगस्टच्या २२ तारखेला नॉटिंगहॅमला त्याने निशाण उभारलं. त्यानंतर आजपर्यंत कामकाज चालू असताना इंग्लंडचा एकही राजा किंवा राणी कॉमन्सच्या सभागृहात गेलेली नाही.

गेल्या वर्षी आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना वेस्टमिन्स्टर हॉल दाखवायला नेलं. पायऱ्यांवर पितळी पट्टी बसवलेली आहे, इथे चार्ल्सवर खटला चालला म्हणून. बाबांचे गुडघे दुखतात, ते तिथेच पायरीवर टेकले आणि मी त्यांना गोष्ट सांगितली. खटला सुरू असताना राजाच्या काठीचं चांदीचं बोंड निसटून खाली पडलं. जन्मभर त्याच्या हातातून काही पडलं की उचलायला चार माणसं वाकायची. त्याने वाट पाहिली. कोणी हललं नाही. मग तो स्वतः वाकला आणि त्याने ते उचललं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "निकाल तिथेच लागला म्हणायचा."

तिथून व्हाइटहॉल रस्त्याने चालत गेलं की बँक्वेटिंग हाउस लागतं. त्याच्या छतावर रुबेन्सची चित्रं आहेत, चार्ल्सनेच लावून घेतलेली, त्याच्या बापाला देवदूत स्वर्गात नेतायत अशी. शेवटच्या दिवशी त्याला याच दालनातून वधस्तंभाकडे नेलं. थंडी होती, अंग कापलं तर लोक म्हणतील घाबरला, म्हणून त्याने दोन सदरे घातले होते. मी राजाच्या बाजूची नाही, पण ते दोन सदरे वाचले की गलबलून येतं.

कोकणकडा

चर्चा छान चालली आहे, पण सगळं माप संसदेच्या पारड्यात पडतंय म्हणून लिहितो. संमतीविना कर नको म्हणणाऱ्या संसदेने युद्धात काय केलं? १६४३ पासून एक्साइज, म्हणजे मालावरचा कर, बसवला, बिअरवर, आणि पुढे मांस-मिठावरही. दरमहा आकारणी सुरू केली. चार्ल्सची जहाजपट्टी त्यापुढे काहीच नव्हती. दोन्ही बाजूंचे सैनिक शेतकऱ्याच्या घरात राहून खायचे, त्याची बैलजोडी न्यायचे. लढाई आणि रोगराई मिळून इंग्लंडमध्येच दोन लाखांच्या आसपास माणसं गेली असावीत असे अंदाज आहेत, आणि देशाची वस्ती तेव्हा पन्नास लाखांच्या आसपास. आयर्लंडची कथा तर याहून भयंकर. १६४९ ला संसदेचा सेनापती क्रॉमवेल याने तिथल्या द्रोएडा शहरात जी कत्तल केली ती आयरिश माणूस अजून विसरलेला नाही.

आणि संमती कसली? ६ डिसेंबर १६४८ ला कर्नल प्राइड कॉमन्सच्या दारात सैनिक घेऊन उभा राहिला आणि नको असलेल्या सदस्यांना त्याने आत सोडलं नाही. उरलेल्यांनी राजावर खटला भरला. १३५ जणांची नावं न्यायमंडळात होती, मृत्युदंडाच्या आदेशावर सह्या ५९. पुढे २० एप्रिल १६५३ ला क्रॉमवेलने सैनिक आणून ती उरलीसुरली संसदही बाहेर काढली. राजाला पाच माणसं पकडता आली नव्हती, याने अख्खं सभागृह रिकामं केलं. तुमच्या विद्यार्थ्याला हेही सांगा.

जमाखर्च

कोकणकडा, अक्षर न् अक्षर मान्य. मी वर संसदेची आरती केली असं वाटलं असेल तर ती माझ्या लिहिण्यातली उणीव.

फरक एवढाच पाहा की क्रॉमवेलही त्याच खड्ड्यात पडला. त्याच्याकडे हात होते, संसदेने उभारलेली न्यू मॉडेल आर्मी होती, चार्ल्सपाशी जे नव्हतं ते सगळं होतं. तरी सैन्याच्या पगारासाठी त्यालाही पुन्हा पुन्हा संसद बोलवावी लागली, आणि पुन्हा पुन्हा मोडावी लागली. १६५८ ला तो गेला आणि १६६० ला चार्ल्सचा मुलगा परत गादीवर आला.

हा मुलगा, चार्ल्स दुसरा, आपल्या ओळखीचा. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या कॅथरिनबरोबर त्याला मुंबई मिळाली. ती ठेवायचा खर्च परवडेना म्हणून १६६८ साली त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, वर्षाला १० पौंड खंडाने. बापाने ज्या कंपनीची मिरी उधार उचलली, तिलाच पोराने मुंबई दिली. माझं अर्धं आयुष्य मंत्रालयात फायली घेऊन हेलपाटे घालण्यात गेलं, म्हणून हे वाचताना मला वेगळंच वाटलं.

ताई, वर्गासाठी अजून एक. आपल्या राज्यघटनेचं कलम २६५ अगदी छोटं आहे. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही किंवा वसूल करता येणार नाही. त्यात "बसवणे" आणि "वसूल करणे" अशी दोन्ही क्रियापदं आहेत. आम्ही नोकरीत हे कलम पाठ म्हणायचो आणि ही दोन क्रियापदं वेगवेगळी का लिहिली असतील असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. एकदा बसवलेला कर पुढे कोणाच्या मंजुरीने वसूल करतोस, हा टनेज आणि पाउंडेजचाच प्रश्न. आणि कलम ८५ बघा, संसदेच्या दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडता कामा नये. चार्ल्सने अकरा वर्षांचं पाडलं होतं.

शिक्षिका_संगमनेर

सोमवारचा तास झाला. सगळ्यांना सांगावंसं वाटतंय.

फळ्यावर सनावळी लिहिलीच नाही. मुलांना ग्रेट किंबलचे गावकरी केलं. दोघं आकारणीदार, दोघं कॉन्स्टेबल, एक शेरीफ, बाकी रयत. राजा मी. राजाचा हुकूम वाचून दाखवला आणि शेरीफला म्हटलं, तूट आली तर तुझ्या खिशातून. शेरीफ झालेली मुलगी खरंच घाबरली, आधी कॉन्स्टेबलांना विनवू लागली, मग दटावू लागली. कॉन्स्टेबल झाला होता तो मागच्या बाकावरचा मुलगा. तो वहीत नावं लिहीत गेला, हॅम्पडन पहिला, आणि सगळ्यांत शेवटी त्याने स्वतःचं नाव लिहिलं. मी सांगितलं नव्हतं. यादी तेव्हा अजून फळ्यावर आलीच नव्हती.

मग त्याने वही माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "असा धरला होय हात." पानशेतकरांचं स्कॉटलंड आणि कोकणकडा यांचा कर्नल प्राइड पुढच्या तासाला घेणार आहे, वेळच उरला नाही.

जाताना त्याने एक विचारलं आणि मला तेवढं नीट माहीत नव्हतं. त्या २० शिलिंगवाल्याचं पुढे काय झालं? राजाचं डोकं उडालं ते त्याने पाहिलं का?

थेम्सकाठी

नाही पाहिलं. हॅम्पडनने संसदेसाठी स्वतःची पलटण उभी केली होती. १८ जून १६४३ ला ऑक्सफर्डजवळ चालग्रोव्हच्या शेतात राजाचा भाचा राजपुत्र रूपर्ट याच्या घोडेस्वारांशी गाठ पडली, त्यात तो जखमी झाला. चकमक राजाच्या बाजूने जिंकली. तिथून तो घोड्यावरूनच थेम गावापर्यंत गेला आणि सहा दिवसांनी वारला. लढाई तेव्हा कुठल्या बाजूला झुकेल याचा कोणालाच अंदाज नव्हता.

चालग्रोव्हला त्याचं स्मारक आहे, रेडिंगहून तासाभराच्या आत गाडीने जाता येतं. या शनिवारी सुट्टी आहे. जाऊन फोटो काढते आणि तुमच्या त्या कॉन्स्टेबलसाठी इथे टाकते.